आमच्या घराण्याचं पोट

९ मे

निवृत्त झाल्यापासून माझं बोलणं ऐकून घेणारं घरात कोणी उरलेलं नाही. वर्गातून उठून जायची सोय पोरांना नव्हती. माझ्या बायकोला, वदादला, ती आहे, आणि ती सोय ती मनसोक्त वापरते. वहीला पाय नसतात, म्हणून ही वही.

दुसरं कारण व्यवसायाचं. आज 'हिस्न'ची पहिली खेप तयार झाली. हिस्न म्हणजे गढी. मध माझ्या भागीदाराच्या, झैदानच्या, पोळ्यांतला, कलौंजी, लसूण, आलं आणि थोडी अक्कल माझी. आमच्या सॉल्ट गावच्या मुलांच्या शाळेत जन्मभर जीवशास्त्र शिकवलं. शरीराची प्रतिकारशक्ती या विषयावर गावात माझ्याइतका अधिकाराने बोलणारा दुसरा माणूस नाही. डॉक्टर आहेत, पण ते बोलत नाहीत, चिठ्ठी लिहितात.

लेबलवर काय चित्र असावं यावर झैदानशी वाद झाला. तो म्हणे मधमाशी, मी म्हटलं सिंह. शेवटी तटबंदीवर ऐटीत उभी असलेली मधमाशी ठरली. वदादने बाटली उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "माशी आजारी दिसते."

स्वयंपाकघराला लसणाचा वास मारतो अशी तिची तक्रार आहे. मोठ्या कामांना वास असायचाच.

१७ मे

आज आमच्या कुळाच्या बैठकीच्या दालनात माझं व्याख्यान झालं. विषय: 'आपल्या अंगातली फौज'. खुर्च्या कमी पडल्या. फुकट कॉफी होती हेही खरं.

मी सांगितलं की कातडी म्हणजे तट, आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे गस्तीचे शिपाई. जंतू आत घुसला की पहिला शिपाई ओरडतो. त्या हाकेसरशी आजूबाजूच्या रक्तवाहिन्या सैल होतात, रक्त धावून येतं, शिपाई वाहिन्यांच्या भिंतींतून बाहेर पडतात. म्हणून ती जागा लाल होते, तापते, फुगते, ठणकते. सूज म्हणजे चालू लढाई आणि ताप म्हणजे राजवाड्यातून निघालेला हुकूम. लोक माना डोलवत होते.

म्हातारा खाटीक अबू शाहर मागून म्हणाला, "उस्ताद, फौज एवढी शहाणी आहे तर तिला तुमची बाटली कशाला?"

मी म्हटलं, "अबू शाहर, शिपायालाही शिधा लागतो."

हशा पिकला. सगळ्या बाटल्या संपल्या. अबू शाहरने मात्र घेतली नाही.

२ जून

आज कुतैबाच्या घरचे माझ्या मुलीला, रुबाला, रीतसर मागणी घालायला यायचे होते. मुलगा चांगला, बँकेत आहे, फार बोलत नाही. मोठी माणसं येणार, कॉफी होणार, शब्द पक्का करायला फातिहा वाचला जाणार. वदाद दोन दिवस खजूर भरलेले मामूल करत होती.

आणि रुबा सकाळपासून पोट धरून पडली. ताप. गुडघे पोटाशी घेतलेले, हात लावू देत नाही. पोट असं कडक की वर भाकरी थापावी.

"पाहुण्यांना पुढच्या आठवड्यात या म्हणून कळवा," वदाद म्हणाली.

मी म्हटलं, "दरवेळी महत्त्वाच्या दिवशीच हिचं पोट कसं दुखतं? बारावीच्या परीक्षेत दुखलं. मामाच्या मुलीच्या लग्नात दुखलं. विद्यापीठात पदवी घेताना दुखलं. या पोटाला दिनदर्शिका वाचता येते."

रुबाने भिंतीकडे तोंड केलं.

हे मी रागाने लिहीत नाही, शास्त्रीय दृष्टीने लिहितो. मागे असंच झालं तेव्हा सर्जनने तिचं अपेंडिक्स काढून टाकलं आणि बाहेर येऊन जरा ओशाळून सांगितलं की आत सगळं गुलाबी आणि निरोगी होतं. म्हणजे जे दुखू शकत होतं तेही आता नाही. मग दुखतं काय?

रुबाला सर्दी झाली असं पाहुण्यांना कळवलं. मामूल मीच खाल्ले.

५ जून

रुबा खडखडीत बरी. सकाळी ताटभर उकडलेल्या कडधान्याचं फूल मुदम्मस, वर लोणचं. कालपर्यंत मरणाच्या दारात आणि आज बहिणींसारख्या मैत्रिणींबरोबर बाजारात. आता तुम्हीच सांगा. (हे 'तुम्ही' कोणाला लिहिलं ते मला माहीत नाही. सवय.)

अर्थात एक गोष्ट नोंदवायला हवी. परवापासून मी तिला हिस्नचे दोन-दोन चमचे देत होतो. तिने ते गिळलेच नाहीत असं वदाद म्हणते, पण काही अंश पोटात गेलाच असणार. म्हणजे आजार नाटक असेल तर प्रश्न मिटला, आणि खरा असेल तर माझ्या औषधाने मिटला. दोन्हीकडून मीच बरोबर निघतो.

२० जून

मागणी झाली. फातिहा वाचला. कुतैबाची आई, उम्म कुतैबा, बाई गोड बोलते आणि बोलताना घरातले कोपरे बघते. जाताना तिने वदादला विचारलं, "मुलीची तब्येत नाजूक आहे का हो?" वदाद म्हणाली, "छे, वाऱ्याची सर्दी होती."

११ जुलै

दोन दिवस वही उघडली नाही. अंगात कणकण, पोटात कळा, सगळं अंग मोडून आलेलं. घरात हळू बोलायला सांगितलं. टीव्ही बंद. झैदानला निरोप पाठवला की उस्ताद चिंतनात आहेत.

हे दुखणं निराळं. हे आमच्या घराण्याचं पोट. वडिलांना होतं. दोन दिवस पडायचे आणि तिसऱ्या दिवशी उठून घोड्याला खरारा करायचे. माझ्या थोरल्या बहिणीला होतं, तिला सासरी आळशी म्हणत. मला तरुणपणी वरचेवर व्हायचं, आता क्वचित. जबाबदारीच्या माणसांना हे होतं असं माझं निरीक्षण आहे. वडील नंतर चेहऱ्यापासून पायापर्यंत सुजले आणि गेले. घोडा विकावा लागला त्या दुःखाने त्यांचं पाणी झालं असं आई सांगायची.

रुबा मरमियाच्या पानांचा काढा घेऊन आली. पाठीमागे उशी सरकवली, गरम पाण्याची पिशवी पोटावर ठेवली.

"बाबा, कुठे दुखतंय? इथे? की इकडे पसरतं?"

मी म्हटलं, "तुला नाही कळायचं."

तरी बसून राहिली. पोर मायाळू आहे, फक्त नाटकी.

३ ऑगस्ट

धंदा जोरात. मादाबाहून मागणी आली, इर्बिदहून आली. झैदान मधमाश्यांची नवीन पोळी घेतोय. मी लेबलवर 'तज्ज्ञांनी मान्य केलेलं' असं छापून घेतलं. कोणते तज्ज्ञ, असं वदादने विचारलं. मी आरशाकडे बोट दाखवलं नाही, पण तिला कळलं.

उन्हाळ्यात पाय फुगतात. चांभाराने चपलांचे पट्टे सैल करून दिले.

२२ ऑगस्ट

आजचं व्याख्यान आजवरचं सर्वांत गाजलेलं. बायकांसाठी पडद्यामागे वेगळी व्यवस्था होती, तीही भरली. पण लोकांना आता नुसतं शास्त्र पुरत नाही, उदाहरण लागतं. मग मी दिलं. म्हटलं, माझ्या स्वतःच्या घरात एक मुलगी आहे, वर्षानुवर्षं ताप आणि पोटदुखीने लोळायची, सर्जनने पोट फाडलं तरी उपयोग नाही. हिस्न सुरू केलं आणि आज ती हरिणीसारखी बागडते. नाव घेतलं नाही. मर्यादा मला कळते.

मला एकच मुलगी आहे हे गावाला माहीत असेल, पण त्याला मी काय करणार?

२५ ऑगस्ट

रुबा माझ्याशी बोलत नाही. वदाद माझ्याशी बोलते, आणि त्यापेक्षा न बोललेलं बरं.

९ सप्टेंबर

रुबाला पुन्हा. या खेपेला पोट नव्हे, छाती. श्वास घेतला की उजव्या बाजूला सुरी खुपसल्यासारखं होतं म्हणाली. श्वास घेईना. ओठ पांढरे पडले. यावेळी मी काही म्हटलं नाही. गाडी काढली.

इस्पितळात एक कोवळा डॉक्टर होता. फोटो काढला, रक्त घेतलं. म्हणाला, "सूज खूप आहे. रक्तात सूज दाखवणारे आकडे चढलेत, पांढऱ्या पेशी वाढल्यात. पण जंतू सापडत नाही."

"नीट शोधा."

"शोधला, उस्ताद."

"जंतू सापडत नाही म्हणजे जंतू हुशार आहे," मी म्हटलं.

त्याने प्रतिजैविकं दिली. तीन दिवसांत ताप गेला. तो प्रतिजैविकांशिवायही जातो असं रुबा पुटपुटली. डॉक्टरने ऐकलं नाही. मी ऐकलं, पण तेव्हा गाडी कुठे लावली ते आठवत होतो.

१८ सप्टेंबर

कुतैबाच्या घरून निरोप आला. नशिबात नव्हतं, दोन्ही घरांचा मान कायम, वगैरे. उम्म कुतैबाने वदादला फोनवर सांगितलं, "तुमच्याच उस्तादांनी भर सभेत सांगितलं हो. आम्ही पडद्यामागे होतो. एवढा जुना आजार, आणि आम्हाला म्हणालात सर्दी."

लोकांची मनं किती कोती असतात. बरी झालेल्या मुलीवर असा डाग लावायचा. मी वदादला म्हटलं की असल्या घरात मुलगी न गेलेलीच बरी. ती भांडी घासत होती, घासतच राहिली. एकच ताट. फार वेळ.

रुबा रडली नाही. साखरपुड्याची अंगठी स्वतः काढून डबीत घातली आणि म्हणाली, "आई, आपण अम्मानला जाऊ. मला हे काय आहे ते कळलंच पाहिजे."

मी म्हटलं, "मी येतो."

"नको, बाबा."

२९ सप्टेंबर

दोघी अम्मानहून आल्या. कोणी डॉक्टर अरीज म्हणून बाई आहेत, सांध्यांच्या आणि तापाच्या आजारांच्या. त्यांनी रुबाच्या पोटाला हात लावण्याआधी अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. ताप किती दिवस राहतो, मधल्या काळात कसं वाटतं, आजी-आजोबा कुठले, घरात आणखी कोणाला. आणि मग म्हणाल्या की हा भूमध्यसागरी ताप, आपल्याकडचा जुना रहिवासी. अरब, तुर्क, आर्मेनियन, यहुदी, या समुद्राच्या काठच्या सगळ्यांच्या रक्तात वावरतो. वंशपरंपरेने येतो. पक्कं करायला रक्त तपासणीला पाठवलं आहे, पण गोळी आजपासून.

गोळी कशाची? शरद ऋतूत उगवणाऱ्या एका रानफुलाच्या कंदातून निघणाऱ्या औषधाची. हजार वर्षं माहीत असलेलं. मी मध विकतो तर घरात टर उडते, आणि या बाई फूल विकतात तर दोघी डोळे पुसत घरी येतात.

मी रुबाला म्हटलं, "हिस्न बंद करू नकोस. गोळी शरीराला दुबळं करते, हिस्न सांभाळेल."

ती म्हणाली, "बाबा, हिस्न मी कधीच घेतलं नाही. पहिल्या दिवसापासून कुंडीत ओतलं."

ती कुंडी मी पाहिली. तुळस वाळली आहे.

१० ऑक्टोबर

मी अम्मानला गेलो. त्या बाईंना दोन गोष्टी सुनवायच्या होत्या. वदाद बरोबर आली, मला एकट्याला पाठवणार नव्हती.

डॉक्टर अरीज वयाने रुबापेक्षा थोड्याच मोठ्या असतील. चश्मा, थकलेले डोळे, समोर थंड झालेला चहा. मी बसलो आणि सांगितलं की मीही जीवशास्त्राचा माणूस आहे. जंतू नाही तर लढाई नाही. लढाई नाही तर ताप कसला? मुलीची फौज दुबळी आहे, तिला बळ द्यायला हवं.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "उस्ताद, तुम्ही मुलांना गस्तीचा शिपाई शिकवलात ना? जंतू दिसला की ओरडणारा?"

"शिकवला."

"तो ओरडणार कधी आणि गप्प राहणार कधी हे ठरवायला त्याच्या आत एक खटका असतो. तुमच्या मुलीचा खटका जन्मापासून सैल आहे. कधी दमणूक, कधी थंडी, कधी मनाचा ताण, तेवढ्याने तो सुटतो. समोर कोणी नसतं, पण हाक तर गेली. मग सगळी फौज पोटाच्या किंवा छातीच्या अस्तरावर धावून जाते. खरी सूज येते, ताप खरा येतो आणि वेदना तर बाळंतपणासारखी. दोन-तीन दिवसांनी शत्रू नाही हे कळतं आणि सगळे परत जातात. म्हणून ती तिसऱ्या दिवशी लोणचं खाते. ती नाटक करत नव्हती."

"नाटक कोण म्हणालं?" मी विचारलं.

वदादने माझ्याकडे पाहिलं.

"आणि फौज दुबळी नाही," डॉक्टर म्हणाल्या. "उतावळी आहे. तिला आणखी बळ देऊन काय साधणार? मधाने बळ येत नाही हे तिचं सुदैव."

मग त्यांनी विचारलं, "घरात आणखी कोणाला? तुम्हाला कधी झालं?"

"कधीच नाही."

वदाद हसली. लग्नापासून इतकी मोठ्याने हसलेली मी पाहिली नव्हती. "कधीच नाही? डॉक्टर, यांना होतं तेव्हा त्याला घराण्याचं पोट म्हणतात. टीव्ही बंद होतो. यांच्या वडिलांना होतं. नणंदेला होतं. मुलीला झालं की ते नाटक आणि यांना झालं की चिंतन."

मी सांगितलं की ते निराळं. डॉक्टरांनी वडील कसे गेले ते विचारलं. सुजून, मी म्हटलं, घोड्याच्या दुःखाने. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पायजमा थोडा वर घ्या." नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा तसाच राहिला. आम्ही तिघं त्या खळग्याकडे बघत बसलो. ओल्या मातीवर कोणी पाऊल उमटवावं तसा.

"उन्हाळा आहे," मी म्हटलं.

"ऑक्टोबर आहे," वदाद म्हणाली. आता ती हसत नव्हती.

१४ ऑक्टोबर

डॉक्टरांचा फोन आला. लघवीतून प्रोटीन वाहून जातंय, नको तितकं. मूत्रपिंडांना इजा झालेली दिसते. एक तुकडा काढून तपासावा लागेल.

मी म्हटलं विचार करून सांगतो. वदादने फोन माझ्या हातातून घेतला आणि तारीख ठरवली.

२३ ऑक्टोबर

तुकडा मूत्रपिंडातून नव्हे, खालच्या वाटेने घेतात हे तिथे गेल्यावर कळलं; त्या जागेचं नाव या वहीत येणार नाही. मी माणूस म्हणून आयुष्यभर जो मान मिळवला तो एका कुशीवर झोपून, भिंतीकडे तोंड करून, अर्ध्या तासात घालवला. परिचारिका माझ्या जुन्या विद्यार्थ्याची बहीण निघाली. "उस्ताद, सैल सोडा," म्हणाली. आता सॉल्टमध्ये कुठे राहावं?

५ नोव्हेंबर

निकाल आला. जे डॉक्टर अरीजना वाटलं होतं तेच.

त्यांनी समजावून सांगितलं. शरीरात सूज आली की यकृत एक प्रोटीन भरमसाट सोडतं, मदत म्हणून. सूज वरचेवर आली, वर्षानुवर्षं आली, तर ते प्रोटीन वितळून जात नाही, मेणासारखं साचतं. मूत्रपिंडांत साचतं. ताप येऊन जातो, माणूस उठून कामाला लागतो आणि आत थर चढत राहतात. वेदना नाही, काही नाही. मग एक दिवस पाय फुगतात.

"वडिलांचं हेच झालं असेल?" मी विचारलं.

"तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. पण वाटतं तसं."

म्हणजे घोड्याचा काही संबंध नव्हता. आई तो घोडा विकणाऱ्या काकाशी मरेपर्यंत बोलली नाही.

"आणि मी?"

"गोळी आजपासून, एकही दिवस चुकवायची नाही. अजून साचणं थांबवता येईल. साचलेलं निघेलच असं वचन देत नाही. रुबाचं वेळेत कळलं, तिच्या लघवीत काही नाही." मग थांबून म्हणाल्या, "तिने हट्ट धरला म्हणून तुम्ही इथे आहात, उस्ताद."

हा आजार दोन्हीकडून यावा लागतो, असंही कळलं. वदाद माझ्या आत्याच्या नात्यातली. परतीच्या वाटेवर मी म्हटलं, "म्हणजे अर्धा दोष तुझा." ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "घ्या अर्धा. तुमचा अर्धा मी एवढी वर्षं सांभाळलाच आहे."

१२ नोव्हेंबर

गोळीने पोट सैल झालं. पुढचं लिहीत नाही. डॉक्टर म्हणतात, होईल सवय.

रुबाला अम्मानला गेल्यापासून एकदाही झालं नाही. शाळेत नोकरीसाठी अर्ज केला होता, मुलाखत होती, गेली, उभी राहून बोलली, घरी आली. बस्स. एवढंच झालं. तिची आई दारात उभी राहून तिच्याकडे असं बघत होती की जणू ती समुद्र ओलांडून आली.

१९ नोव्हेंबर

झैदान आला. हिवाळा तोंडावर आहे, सर्दी-तापाचे दिवस, मागणी दुप्पट होईल, नवं व्याख्यान ठेवू म्हणतो. मी म्हटलं, लेबल बदलायचं. 'गढी' काढ, 'फौज' काढ. मध म्हणून वीक. चांगला मध आहे, लोक पोळीबरोबर खातील.

"उस्ताद, मध तर सगळेच विकतात. आपण प्रतिकारशक्ती विकतो."

"ती माझ्यात वाजवीपेक्षा जास्त निघाली," मी म्हटलं. "तिचा भाव मला विचारू नकोस."

त्याला कळलं नाही. तो एकट्याने विकणार आहे. लेबलवर माझं नाव राहू दे म्हणाला, मी नाही म्हटलं. जाताना दोन बाटल्या ठेवून गेला. चांगला मनुष्य आहे. मीच त्याला हे सगळं शिकवलं.

२८ नोव्हेंबर

डॉक्टर अरीज म्हणाल्या होत्या की नातेवाइकांना सांगा. ताप, पोट, छाती, सांधा, जे जे येतं-जातं त्यांनी तपासून घ्यावं. सोपं काम वाटलं. कुळाच्या दालनात गेलो आणि उभा राहिलो.

मी सगळं सांगितलं. खटका, उतावळी फौज, साचणारं मेण, वडील. नडगीसुद्धा दाखवली.

चुलतभाऊ मर्झूक म्हणाला, "मागच्या वेळी फौज दुबळी होती. आता जबर झाली. सहा महिन्यांत बराच शिधा मिळालेला दिसतो."

दुसरा म्हणाला, "या गोळीचा कारखाना कुठे काढलात, उस्ताद? त्याच स्वयंपाकघरात?"

"मी काही विकत नाही," मी म्हटलं.

"पहिली बाटली नेहमी फुकटच असते," मर्झूक म्हणाला, आणि सगळे हसले. मला ते हसू ओळखीचं होतं. मे महिन्यात तेच माझ्या बाजूने होतं.

फक्त अबू शाहर हसला नाही. माझ्या कपात कॉफी ओतली आणि म्हणाला, "उस्ताद, खरं बोलायला उशिरा आलात की त्रास होतोच. उद्या पुन्हा या."

६ डिसेंबर

पुन्हा गेलो, दारोदार. रुबा बरोबर येते. मी म्हटलं गरज नाही, ती म्हणाली, "तुमच्यावर कोणाचा विश्वास नाही, बाबा. माझ्यावर थोडा आहे." चार घरांत चहा मिळाला, दोन घरांत विषय बदलला, एका घरात हिस्नची बाटली परत दिली.

१३ डिसेंबर

आज वरच्या गल्लीत मर्झूकच्या घरी. तो घरात नव्हता म्हणून आम्ही आत जाऊ शकलो. त्याच्या बायकोने चहा केला आणि आमचं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, "आमचा हमदान आत पडलाय. कालपासून. त्याचा बाप म्हणतो, कामाच्या वेळेला याला पोट सापडतं."

हमदान मर्झूकचा मोठा मुलगा. मोडलेले ट्रक ओढून आणायचं काम करतो, दंड माझ्या मांडीएवढे. रेड्यासारखा माणूस, आणि कोपऱ्यातल्या गादीवर गुडघे पोटाशी घेऊन, भिंतीकडे तोंड करून पडलेला. कपाळ तापलेलं. आम्ही आलो तर उठायचा प्रयत्न केला आणि दात आवळून तिथेच थांबला.

"काही नाही, काका," म्हणाला. "काल शिळं खाल्लं असेल. उठतो."

"उठू नकोस."

मी खाली त्याच्या गादीशेजारी बसलो. पाय सुजले की खाली बसणं सोपं नसतं, पण बसलो. विचारलं, "हात लावला तरी दुखतं? नुसती चादर लागली तरी?"

त्याने मान हलवली.

"आणि खोकलास तर वाटतं की पोट फाटेल. म्हणून तू श्वाससुद्धा वरच्या वर घेतोयस."

"हो."

"आणि परवा उठशील, भूक लागेल, आणि सगळे म्हणतील की कालचं ढोंग होतं. तुलाही वाटायला लागेल की असेल बुवा ढोंग."

तो वळला. एवढा दांडगा माणूस, डोळे भरलेले. पुरुषाला पोटदुखीने रडता येत नाही, म्हणून त्याने ताप आहे असं सांगितलं.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "ढोंग नाही, हमदान. खरं दुखतंय. मला माहीत आहे."

त्याच्या आईने ओढणीने तोंड झाकलं. सोमवारी त्याला घेऊन अम्मानला जायचं ठरलं. मर्झूकला काय सांगायचं ते ती बघणार आहे.

मी उठायला लागलो तेव्हा रुबाने हात दिला नाही. ती दाराशी उभी होती, पाठ आमच्याकडे.

उतरताना गल्लीच्या पायऱ्यांवर ती पुढे आणि मी मागे. खाली पोहोचायच्या जरा आधी ती थांबली. मागे न बघता म्हणाली, "बाबा, हे तुम्ही मला एकदाही म्हणाला नाहीत."

मी भिंतीला धरून एक पायरी खाली आलो. जन्मभर शब्दांवर पोट भरलेला माणूस.

"पायऱ्या निसरड्या आहेत," मी म्हटलं. "जपून उतर."

ती उतरली. मग खाली जाऊन माझ्यासाठी थांबली.